मुलीच्या बोटावरच्या चामखिळी आणि बिब्ब्याचा आग्रह

वाचकाचे पत्र: माझी मुलगी आठ वर्षांची असून तिसरीत शिकते. पाच-सहा महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर, नखाच्या कडेला, खरखरीत पुटकुळीसारखे काही उठले. लागले असेल म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. आता त्याच बोटावर दोन आणि अंगठ्यावर एक अशा तीन चामखिळी आहेत. शिवाय डाव्या टाचेच्या पुढे तळव्यावर एक टणक घट्टा आहे. तो कुरूप आहे की चामखीळ ते कळत नाही. तिला नखे खायची सवय आहे. सासूबाई म्हणतात, बिब्ब्याचे तेल लावले की गळून पडते. त्यांच्या माहेरी चुना आणि सोडाही लावत. शेजारच्या वहिनी पार्लरमध्ये मशीनने जाळून घ्या म्हणतात. मेडिकलच्या दुकानातून आणलेले औषध आठवडाभर लावले, पण बोट लाल होऊन झोंबू लागले म्हणून बंद केले. जानेवारीच्या अखेरीस शाळेचे गॅदरिंग आहे. नाचातली जोडीदारीण तिचा हात धरायला तयार नाही, म्हणून बाईंनी तिला मागच्या रांगेत उभे केले. दिवाळीच्या सुट्टीत तरी हे मार्गी लावायचे आहे. हा एचपीव्ही नावाचा विषाणू आहे आणि त्यानेच गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो असे मोबाइलवर वाचल्यापासून मला झोप नाही. काय करावे? (एक आई, कराड)

उत्तर: ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्राच्या शेवटी जी काळजी आहे, तिच्यापासूनच सुरुवात करतो, कारण ती आधी दूर व्हायला हवी. एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, हे एकाच विषाणूचे नाव नाही. ते एक मोठे कूळ आहे आणि त्यातले २०० हून अधिक प्रकार आजवर ओळखले गेले आहेत. प्रत्येक प्रकाराची वस्तीची जागा बहुधा ठरलेली असते. मुलांच्या हातापायांवरच्या चामखिळी मुख्यतः १, २, ४, २७ आणि ५७ या क्रमांकांच्या प्रकारांमुळे होतात, तर गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाला प्रामुख्याने १६ आणि १८ हे प्रकार कारणीभूत असतात. आपल्या मुलीच्या बोटावर जे आहे त्याचे पुढे कर्करोगात रूपांतर होईल अशी भीती बाळगण्याचे काहीही कारण नाही. कर्करोगापासून संरक्षण देणारी एचपीव्हीची लस नवव्या वर्षापासून देता येते, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली लसही आता उपलब्ध आहे, आणि मुलगी नऊ वर्षांची झाली की तिच्या डॉक्टरांशी त्याबद्दल अवश्य बोला. मात्र ती लस या चामखिळींवरचे औषध म्हणून घ्यायची नाही. तो विषय वेगळा आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. चामखिळीवर इतके घरगुती उपाय आहेत आणि त्यांपैकी बहुतेक जाळण्याचे, कापण्याचे किंवा आवळण्याचे आहेत, याचे कारण एका जुन्या समजुतीत आहे. चामखिळीला मूळ असते आणि ते खोलवर गेलेले असल्याने ‘मुळासकट’ काढल्याशिवाय ती जात नाही, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले जाते. चामखिळीला मूळ नसते. हा विषाणू त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात, म्हणजे बाह्यत्वचेत, राहतो आणि त्याखालच्या थरात उतरत नाही. रक्तात तर तो मुळीच जात नाही. त्यामुळे रक्त अशुद्ध झाले, अंगात उष्णता वाढली, वांगे किंवा आंबट खाल्ले यांपैकी कशाशीही चामखिळीचा संबंध लावता येत नाही. नखाच्या कडेला दाताने सोललेली साल, खेळताना खरचटलेली कातडी किंवा पाण्यात भिजून मऊ पडलेला तळवा अशा बारीकशा फटीतून विषाणू आत शिरतो, तिथल्या पेशींना भराभर वाढायला लावतो आणि त्या जागी टणक, खरखरीत उंचवटा तयार होतो. शिरकाव झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत बहुधा काही आठवडे ते काही महिने जातात. म्हणून ‘कोणाकडून लागली’ याचा शोध घेत बसण्यात अर्थ नसतो.

मूळ म्हणून जे दाखवले जाते ते काय असते, हे आपण स्वतः पाहू शकता. मुलीचे बोट कोमट पाण्यात पाच मिनिटे भिजवा, पुसा आणि खिडकीच्या उजेडात चामखिळीकडे नीट पाहा; घरात भिंग असेल तर उत्तम. पृष्ठभागावर मोहरीपेक्षाही लहान, काळपट किंवा तपकिरी ठिपके दिसतील. लोक त्यांना मुळे म्हणतात, काही जण बी म्हणतात. प्रत्यक्षात ती चामखिळीत वर आलेल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांची टोके असतात आणि त्यांतले रक्त गोठल्यामुळे ती काळी दिसतात. चामखीळ खुडली की भळभळ रक्त येते ते याच वाहिन्यांमुळे, आणि ते रक्त पाहून घरच्यांना वाटते की मूळ फारच खोल आहे. मग आणखी खोल कोरले जाते, आणि विषाणू जिथे कधीच नव्हता त्या खालच्या थराला जखम होऊन कायमचा व्रण राहतो.

तळव्यावरच्या घट्ट्याचा उलगडाही याच पद्धतीने होईल. पाय भिजवल्यावर वरची मेलेली, पांढरी कातडी हलकेच घासा आणि तळव्यावरच्या रेषा पाहा. आपल्या बोटांवर जशा ठशाच्या बारीक रेषा असतात तशाच तळव्यावरही असतात. कुरूप असेल तर त्या रेषा घट्ट्यावरूनही सलग गेलेल्या दिसतात. चामखीळ असेल तर त्या तिच्या काठाशी तुटतात आणि तिला वळसा घालून जातात. काळे ठिपके दिसले तर शंका उरत नाही. दुसरी खूण दुखण्याची: कुरूप वरून सरळ दाबले की दुखते, तर चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. आठ वर्षांच्या मुलांना कुरूप क्वचितच होते. हाताला चामखिळी असताना तळव्यावर असा घट्टा आला असेल तर तो चामखिळीचाच असण्याचा संभव फार मोठा आहे. शरीराच्या वजनाने ती आत दाबली जाते, म्हणून वर न येता सपाट राहते.

आता सासूबाईंच्या उपायांबद्दल. त्या आपल्या नातीच्या काळजीपोटीच हे सुचवत आहेत आणि त्यांनी माहेरी चामखिळी गळून पडलेल्या खरोखरच पाहिल्या असतील, याविषयी मला शंका नाही. पण ताई, बिब्बा त्या बोटाला लावू नका. बिब्ब्याच्या कवचातल्या काळ्या तेलात अतिशय दाहक द्रव्ये असतात. धोबी कपड्यांवर न पुसली जाणारी खूण करायला तेच तेल वापरत आले आहेत. ते कातडीला लागल्यावर काहींना काही तासांत, तर काहींना एक-दोन दिवसांनी लालसर सूज येते, पाण्याचे फोड उठतात आणि असह्य खाज सुटते. हा त्रास लावलेल्या जागेपुरता राहीलच असे नाही. मूल त्याच बोटाने डोळे चोळते, चेहरा खाजवते, आणि आपल्या मुलीच्या बाबतीत तर ते बोट दिवसातून अनेकदा तोंडात जाते. बिब्बा लावल्याने संपूर्ण बोट सुजलेली, नख सुटलेली मुले मी बाह्यरुग्ण विभागात पाहिली आहेत. त्यांच्या मूळच्या चामखिळीने त्यांना काडीचाही त्रास दिलेला नव्हता. आयुर्वेदातही बिब्बा शुद्धी केल्याखेरीज वापरत नाहीत, आणि ते काम जाणकार वैद्याचे असते, घरातल्या चिमट्याचे आणि दिव्याच्या ज्योतीचे नव्हे.

चुना आणि सोडा हे मिश्रण तर रसायनशास्त्राच्या दृष्टीने सरळच आहे. भिजवलेला चुना आणि धुण्याचा सोडा पाण्यात एकत्र आले की त्यांच्यातल्या क्रियेतून कॉस्टिक सोडा तयार होतो, जो तुंबलेली गटारे मोकळी करायला वापरतात. तो चामखीळ आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही. कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीने भाजले तर ते सुरुवातीला फारसे दुखत नाही आणि तरीही आत आत जात राहते, म्हणून ते आम्लाने भाजण्यापेक्षा फसवे असते. रुईच्या किंवा शेराच्या चिकाबद्दलही हेच सांगेन. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. घोड्याच्या शेपटीचा केस किंवा रेशमाचा दोरा बांधणे हा उपाय देठ असलेल्या, लोंबणाऱ्या मसांसाठी लोक करत असत. नखालगतच्या बसक्या चामखिळीला तो बांधताच येत नाही. उदबत्तीचा चटका देण्याबद्दल आपण लिहिलेले नाही, तरी कोणी सुचवलेच तर ठामपणे नकार द्या.

मग या उपायांनी चामखिळी जातात कशा? बहुतेक वेळा त्या आपोआप जायच्या असतात. हा विषाणू वरच्या थरातच गुपचूप राहत असल्याने शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला त्याचा सुगावा उशिरा लागतो. पण एकदा लागला की मुलांमध्ये अनेकदा सगळ्या चामखिळी एकदमच, दोन-तीन आठवड्यांत, व्रण न ठेवता नाहीशा होतात. काहीही न करता साधारण निम्म्या मुलांच्या चामखिळी वर्षभरात आणि सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या दोन वर्षांत जातात. त्या सुमारास जो उपाय चालू असेल, मग तो चुना असो, देवाला वाहिलेले मीठ असो वा साबूदाण्यासारख्या गोड गोळ्या असोत, त्याला श्रेय मिळते. होमिओपॅथीच्या औषधांच्या मुलांवर झालेल्या नियंत्रित चाचणीत खऱ्या आणि खोट्या गोळ्यांत फरक आढळला नव्हता. सासूबाईंना मीठ वाहायचे असेल तर त्यांना आनंदाने वाहू द्या. त्यात मुलीला कसलाही अपाय नाही.

या आकड्यांवरून आपल्या मनात साहजिकच येईल की मग वाटच का पाहू नये. वाट पाहणे हा खरोखरच एक योग्य पर्याय आहे, आणि एखादी चामखीळ असलेल्या, तिचे काहीच न वाटणाऱ्या मुलाच्या आईला मी तोच सल्ला देतो. आपल्या मुलीच्या बाबतीत मी तो देत नाही. तिच्या चामखिळी वाढत आहेत, एक नखाला लागून आहे, नखे खाण्याच्या सवयीने त्या बोटाबोटांत पसरत आहेत आणि मुख्य म्हणजे तिला त्यांच्यामुळे वर्गात अपमान सोसावा लागतो आहे. आठ वर्षांच्या मुलीसाठी हा दुखण्याइतकाच मोठा त्रास आहे. म्हणून उपचार करा, पण असा करा की ज्याचा त्रास चामखिळीपेक्षा कमी असेल.

तो उपचार बहुधा आपल्या घरात पडून आहे. मेडिकलमधून आणलेल्या बाटलीवरचे नाव वाचा. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक चामखिळीच्या औषधांत १६.७ टक्के सॅलिसिलिक ॲसिड आणि तितकेच लॅक्टिक ॲसिड, कलोडियन नावाच्या पटकन वाळणाऱ्या चिकट द्रवात मिसळलेले असते. तेच असेल तर औषध चुकीचे नव्हते. ते आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर पसरले, म्हणून बोट लाल झाले. बोटाची जळजळ पूर्ण थांबून कातडी पूर्ववत होईपर्यंत थांबा आणि मग पुन्हा सुरू करा. बाटलीवर दुसरेच काही लिहिले असेल किंवा लेबलच नसेल तर ती टाकून द्या आणि डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पद्धत सावकाश सांगतो, कारण या औषधाचे यश जवळजवळ सर्वस्वी पद्धतीवर अवलंबून आहे. रात्रीची वेळ ठरवा. बोटे आणि पाय कोमट पाण्यात पाच ते दहा मिनिटे भिजू द्या. याच वेळात गोष्ट वाचून दाखवली तर मुलगी कुरकुर करणार नाही. नंतर कोरडे पुसून, नखे घासायच्या कागदी पट्टीने चामखिळीचा वरचा पांढरा, मेलेला थर हलक्या हाताने घासा. रक्त येईपर्यंत घासायचे नाही, आणि दुखले की लगेच थांबायचे. ही पट्टी फक्त चामखिळीसाठी ठेवा आणि आठवड्याने टाकून द्या. बाथरूममधली सगळ्यांची वज्री किंवा टाच घासायचा दगड यासाठी मुळीच वापरू नका, नाही तर घरातल्या इतरांच्या भेगांत विषाणूची पेरणी होईल. मग चामखिळीच्या भोवती, तिच्या काठाला भिडेल असे, व्हॅसलिनचे कडे करा. नखाच्या बाजूलाही व्हॅसलिन लावायला विसरू नका. आता दात कोरायच्या काडीच्या टोकावर औषधाचा एक थेंब घेऊन तो केवळ चामखिळीवर टेकवा आणि वाळू द्या. बाटलीबरोबर येणारा कुंचला बहुधा जाड असतो; मुलांच्या बोटांसाठी तो सोयीचा नाही. औषध वाळून पांढरट पापुद्रा धरला की बोटांना कागदी चिकटपट्टी गुंडाळा आणि तळव्यावर साधी औषधी पट्टी लावा. पट्टीमुळे औषध आत मुरते, आणि बोट तोंडात गेलेच तर औषध पोटात जात नाही. या औषधाची वाफ पेट घेते, म्हणून ते देवघरातल्या निरांजनाजवळ किंवा गॅसजवळ लावू नका.

हे रोज, १२ आठवडे करायचे आहे. पहिल्या पंधरवड्यात फारसा फरक दिसणार नाही आणि सर्वांत जास्त आया तिथेच थांबतात. कातडी लाल झाली किंवा झोंबू लागली तर दोन-तीन दिवस विश्रांती द्या आणि परत सुरू करा. त्याने केलेले वाया जात नाही. सुट्टीत सुरुवात करण्याचा आपला विचार अगदी योग्य आहे, कारण सवय लागायला तो निवांतपणा हवा असतो. पण गॅदरिंगच्या आत चामखिळी जातीलच असे वचन मी देऊ शकत नाही. तेव्हापर्यंत १२ आठवडे जेमतेम होत आले असतील. काही गेलेल्या असतील, काही लहान झालेल्या असतील. मुलीलाही हे आधीच सांगा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे, हे आता पाहू. त्वचारोगतज्ज्ञ चामखिळीवर द्रवरूप नायट्रोजन लावतात. त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते आणि त्याने चामखिळीच्या पेशी गोठून मरतात. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने काही वेळा ते करावे लागते. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हातापायांच्या चामखिळींवर गोठवणे, सॅलिसिलिक ॲसिड आणि काहीच न करणे यांची तुलना केली होती. साध्या, म्हणजे बहुतांशी हातांवरच्या, चामखिळींमध्ये १३ आठवड्यांनी गोठवलेल्यांपैकी सुमारे निम्मे रुग्ण बरे झाले होते आणि सॅलिसिलिक ॲसिडवाल्यांपैकी बरेच कमी. तळव्यावरच्या चामखिळींत मात्र तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेव्हा तळव्यासाठी घरचे औषधच पुरेसे आहे. बोटांसाठी गोठवणे अधिक परिणामकारक ठरू शकते. पण ते दुखते, दुसऱ्या दिवशी फोड येतो, आपल्या सावळ्या कातडीवर पांढरट डाग काही महिने राहू शकतो, आणि नखाच्या मुळाशी जोरात गोठवले तर नख वेडेवाकडे उगवू शकते. म्हणून माझे मत असे की आधी १२ आठवडे घरी नेटाने उपचार करावा, नंतरही नखाजवळची चामखीळ राहिली तर तज्ज्ञांकडे जावे, आणि काय करणार आहेत, किती दुखेल हे मुलीला समजावून तिची तयारी असेल तरच गोठवावे. चार जणांनी हातपाय धरून रडणाऱ्या मुलावर हा उपचार करणे मला पटत नाही. ज्या गोष्टीने जिवाला धोका नाही, तिच्यासाठी मुलाच्या मनात दवाखान्याची जन्माची भीती बसवू नये.

पार्लरचा सल्ला स्वीकारू नका. तिथल्या मशीनने विजेने किंवा उष्णतेने कातडी जाळतात. तेच काम तज्ज्ञ डॉक्टर जागा बधिर करून, निर्जंतुक साधनांनी आणि ठरावीक खोलीपर्यंतच करतात, आणि तरीही चामखीळ परत येऊ शकते व व्रण राहू शकतो. म्हणून मुलांच्या बोटांवर ते सहसा पहिला उपाय म्हणून करत नाहीत. डॉक्टर निवडताना एम.डी. (त्वचारोग) किंवा डी.व्ही.डी., डी.डी.व्ही.एल. यांपैकी पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी पाहा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात दाखवा. पुष्कळ चामखिळी असलेल्या आणि कशानेच न जाणाऱ्या मुलांसाठी एका चामखिळीत गोवर-गालगुंड-रुबेलाची लस टोचून प्रतिकारशक्ती जागी करण्याचा उपायही आपल्याकडचे तज्ज्ञ करतात. आपल्याला बहुधा त्याची गरज पडणार नाही. चामखिळीवर डक्ट टेप, म्हणजे जाड कापडी चिकटपट्टी, लावण्याबद्दल कोणी सांगितले तर, २००२ सालच्या अमेरिकी चाचणीत ती चांगली ठरली होती, पण २००६ साली डच शाळकरी मुलांवर झालेल्या चाचणीत तिचा म्हणावा तसा लाभ दिसला नाही.

काही परिस्थितींत घरी औषध न लावता थेट डॉक्टरांनाच दाखवायला हवे. चेहऱ्यावर, ओठांवर किंवा पापणीवर चामखीळ आली तर हे ॲसिड तिथे वापरू नये. नखे खाणाऱ्या मुलांच्या ओठांवर चामखिळी येऊ शकतात, म्हणून आठवड्यातून एकदा मुलीचे ओठ आणि तोंडाच्या कडा पाहा. लघवीच्या किंवा शौचाच्या जागी चामखीळ दिसली तर संकोच न करता लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ती हातावरूनही पसरलेली असू शकते, पण मुलाशी कोणी गैरवर्तन तर करत नाही ना, हेही तिथे शांतपणे आणि जबाबदारीने पाहिले जाणे आवश्यक असते. मधुमेह असलेल्या, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्या मुलांवर घरी उपचार करू नयेत. पू, वाढती सूज, नख उचलले जाणे किंवा एकाएकी पुष्कळ नव्या चामखिळी येणे ही देखील दाखवण्याची कारणे आहेत. आणि अंगावर, काखेत किंवा मानेवर मोत्यासारखे चकचकीत, मधोमध खळगा असलेले दाणे आले तर त्या चामखिळी नाहीत; तो मोलस्कम नावाचा वेगळ्या विषाणूचा संसर्ग असतो आणि त्याचा उपचारही वेगळा आहे.

नखे खाण्याबद्दल तिला रागावू नका. रागावल्याने ती चोरून खाईल. नखे दर रविवारी आखूड कापा, तिचे नेलकटर वेगळे ठेवा आणि दिवसाही बोटाला पट्टी असू द्या. तोंडाला पट्टी लागली की हात आपोआप खाली येतो. टॉवेल आणि चपलाही वेगळ्या असाव्यात. विषाणूची देवाणघेवाण सर्वांत जास्त घरात आणि वर्गातच होते, म्हणून घरातल्या इतरांचे हातपायही एकदा पाहून घ्या.

शाळेचा प्रश्न मात्र औषधाने सुटणारा नाही, त्यासाठी आपल्याला बाईंशी बोलावे लागेल. चामखीळ असलेल्या मुलीला शाळेत, खेळात, नाचात किंवा डब्याच्या पंगतीत वेगळे बसवण्याची वैद्यकीय गरज नसते. पट्टीने झाकलेल्या बोटाचा हात धरल्याने जोडीदारणीला होणारा धोका नगण्य आहे. मागच्या रांगेची जखम मात्र चामखीळ गेल्यावरही बराच काळ राहते. बाईंना भेटताना तक्रारीच्या सुरात जाऊ नका. त्यांना बहुधा इतर पालकांची भीती वाटली असेल. उपचार सुरू आहेत, बोटे पट्टीने झाकलेली असतील, हे सांगा आणि तिला तिच्या मूळ जागेवर घ्या अशी स्पष्ट विनंती करा. हवे असल्यास आपल्या डॉक्टरांकडून तशी दोन ओळींची चिठ्ठी घेऊन जा. शाळेत चिठ्ठीचा उपयोग होतो. मुलीला घरी सांगा की ही कातडीवरची एक गाठ आहे, तिच्या कोणत्याही चुकीने ती आलेली नाही, आणि वर्गातल्या आणखीही कोणाच्या ना कोणाच्या पायावर ती मोज्यात झाकलेली असणार.

औषध केव्हा थांबवायचे हे बहुतेकांना कळत नाही, म्हणून तेही लिहितो. उंचवटा सपाट झाला एवढ्यावर थांबू नका. बोट भिजवून उजेडात धरा. काळे ठिपके उरले नसतील आणि बोटाच्या रेषा त्या जागेवरून पुन्हा सलग जाताना दिसत असतील, तर चामखीळ गेली असे समजा आणि औषध बंद करा. ठिपके उरले असतील तर आणखी एक-दोन आठवडे लावा, कारण थोडा भाग राहिला की ती तिथेच परत वाढते. त्यानंतर दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा हातपाय पाहत राहा, आणि उरलेली बाटली झाकण घट्ट लावून मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंच कपाटात ठेवा.